अक्षर बघणारा

साखर पेठेतला आमचा औषध दुकानदार पोट साफ होण्यासाठी इसबगोल नेणाऱ्या प्रत्येकाला वहीत नाव लिहायला लावतो. मी वैतागलो तेव्हा म्हणाला, "वडलांचं आदी पोट बिगडलं, मग अक्षर बारीक झालं. हात थरथर कापायला लागल्यावर आमाला कळलं, कंपवात हाय. पोटातल्या जंतूंचं आन् मेंदूचं कायतरी हाय, सर. म्हणून अक्षर बघतो की."

दर महिन्याला माझं नाव मागच्या पानाशी ताडून तो "बरं हाय" म्हणतो, मगच पुडा देतो.

काल त्यानं वही माझ्याकडं सरकवली. दोन पानांवर त्याचंच नाव होतं.

"आता मीबी इसबगोल घ्यायलोय. माझं तुमी बघा की."

दुसरं नाव पहिल्यापेक्षा लहान होतं. "परत एकदा लिहा," म्हणत मी पेन त्याच्याकडं सरकवलं.