भोंगाबाईची परीक्षा

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायचो. सगळ्यांनी तिचं नाव भोंगाबाई पाडलं होतं. त्यात तिचा दोष नव्हता. या देशाची भाषा ती मशीनच्या घरघरीतच शिकली, त्यामुळे 'कृपया'सुद्धा ओरडूनच म्हणायची.

मी तिच्या आधी आले. तेव्हाचा कायदा साधा होता: काही वर्षं इमानेइतबारे काम करा आणि घरच्यांना बोलवा. मला भाषा धड येत नव्हती, तरी माझी पोरं आली. तिची वर्षं भरत आली तोच भाषेची लेखी परीक्षा निघाली. तीही तिने दिली, तर नव्या सरकारला तोंडी परीक्षा हवी झाली. म्हणे, बाहेरून आलेल्यांनी इथल्या लोकांत मिसळायला हवं. यांच्या आजारपणाच्या चादरी आम्ही धुतो. आणखी किती मिसळायचं?

तिची लेक मायदेशी मावशीकडे वाढत होती. तिला इकडे आणायचं, एवढंच भोंगाबाईच्या डोक्यात. माझं झालं आणि तिचं अडलं, याचं मला फार वाईट वाटायचं. तोंडी परीक्षेत पहिल्या वेळी परीक्षकबाई दचकून खुर्चीसकट मागे सरकल्या. 'उद्धट बोलते' असा शेरा मिळाला. मग जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत बसवून मी तिला हळू बोलायला शिकवलं.

"अगं, असं कुजबुजले तर मी चोर वाटेन," ती म्हणायची.

"वाट. पण पास हो."

ती पास झाली. निकाल घेऊन आम्ही दोघी कचेरीत गेलो. खिडकीमागचा कारकून भला माणूस होता, त्याने कागद पुन्हा पुन्हा पाहिले. मुलांना आणण्याची वयाची अट गेल्याच महिन्यात अठरावरून पंधरावर आली होती. लेकीला सोळा पूर्ण झाली होती. माझ्या अंगाची लाहीलाही झाली, त्या बिचाऱ्याला मी नाही नाही ते बोलले. तिने कागदांची नीट घडी घातली.

बाहेर पायऱ्यांवर बसून तिने लेकीला फोन लावला.

"आई, झालं ना काम? मग मी कधी येऊ?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

भोंगाबाई म्हणाली, "तू फार लवकर मोठी झालीस गं, बाळा."