तांबडीचा बाप पुसणारा मास्तर

आमचं वालूर गाव सोडायच्या दिवसापर्यंत कम्प्युटर मास्तरनं गायीला हात लावला नाही. पण आमच्या भागातल्या गायींच्या पिढ्यांची नोंद ठेवायला गोपालक मंडळानं त्यालाच परभणीहून आणला होता. गोठ्याच्या दारात नाकाला रुमाल लावून उभा राहायचा आणि तिथूनच जनावराचं वय विचारायचा, "किती दाती हाय?"

समजावून सांगायची त्याला लय हौस. म्हणायचा, "बाबा, डेटाबेसात नुसत्या ओळी असतात. माझा प्रोग्राम ओळ उचलतो, तिचं जनावर करतो. बदल केला की परत ओळ करून ठेवतो." मी तिसरी शिकलेला माणूस. जनावर दारात उभं असताना कागदातून दुसरं कशाला काढायचं, असं विचारलं, तर हसला. अडाण्याकडं बघून हसतात तसं.

एकदा माझी तांबडी त्यानं पडद्यावर आणली. बापाचा रकाना रिकामा. "बाप लगेच येत न्हाई बाबा. मागितला तरच आणायचा, तेवढंच काम वाचतं." मागितल्याशिवाय बाप नसलेली गाय मी या वयात पहिल्यांदा पाहिली.

आपल्या डेटाबेसात कचरा राहत नाही, हे तर रोज ऐकवायचा. मंडळाचा म्हातारा वळू मेला, तशी त्यानं त्याची नोंद पुसून टाकली. बाप काढला की लेकरंही काढ, असं प्रोग्रामला त्यानंच आधी सांगून ठेवलेलं. वळूच्या साऱ्या लेकी पडद्यावरून गेल्या. तांबडी गेली, तिचा गोऱ्हाही गेला. दुसऱ्या दिवशी पैदाशीचा वळू निवडायला गुरांचे डॉक्टर येणार. नोंद नसलेला गोऱ्हा ते बघणारसुद्धा नव्हते. जुनी प्रत ठेवली का, विचारलं. ठेवलीच नव्हती.

मी घरून माझी वही आणली. माझ्या वहीत मेलेलं जनावर खोडत नाही. नावापुढं 'गेला' लिहितो, कारण त्याची पोरं अजून चरत असतात. मास्तरला म्हणालो, "आधी बापाला उठव." त्यानं वळू परत घातला, पुढं 'मयत' लिहिलं. मग मी वाचत गेलो, तो भरत गेला. दर गायीला मला पुसायचा, "बाबा, हिचा बाप?" अख्खी दुपार त्यात गेली.

गोऱ्हा निवडला गेला. डॉक्टरांनी नोंदींचं कौतुक केलं, ते मास्तरनं घेतलं. वहीचं नाव काढलं नाही.

पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली. जायच्या दिवशी रुमाल खिशात घालून गोठ्यात आत आला, भीतभीत तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "बाबा, आता मी कुणालाच पुसत न्हाई."

त्याच संध्याकाळी मी वही काढली. म्हाताऱ्या वळूच्या खालच्या ओळीत मास्तरचं नाव घातलं आणि पुढं लिहिलं, गेला.