आत्याची ओळ

आमच्याकडे लग्नात हळद लागायची ती अक्काच्या गाण्यावर. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बंगळूरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी घरांमध्ये हळदीला आवतणाचं गाणं म्हणतात. आधी देवांना बोलवायचं, मग पितरांना, मग एकेका नात्याला. ज्या नात्याचं नाव गाण्यात येईल त्यानं उठायचं आणि नवरीला हळद लावायची. नाव येईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. एखाद्याचं बोलावणं राहून गेलं तर तो माणूस जेवायला थांबत नाही आणि मग जन्मभर ते ऐकवत राहतो.

हे गाणं आईकडून अक्काकडे आलं होतं. आमच्या लोकांत लग्न निघालं की कार्यालय ठरवायच्या आधी अक्काला विचारायला यायचे. मी कारखान्यात फिटर, पण हळदीच्या दिवशी अक्काच्या मागे पेटी घेऊन बसायचा मान माझा होता. चाल मला तोंडपाठ होती. पण ते गाणं पुरुषानं म्हणायचं नसतं, आणि ते अख्खं येणारी दुसरी बाई आमच्यात उरली नव्हती.

मग अक्काच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. बोलायला आवाज परत आला, गायला मात्र नाही. एखाद-दुसरी ओळ नीट निघायची, की घसा सुकायचा आणि आवाज फाटायचा. सावकाश येईल, नाहीतर येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. याला काय उत्तर म्हणायचं? त्यातच अक्काच्या लेकीचं लग्न ठरलं.

"साऱ्या गावच्या पोरींना गाऊन हळद लावली," अक्का मला म्हणाली, "आणि माझ्या पोरीला मुक्यानं लावू काय रे?"

गाणं टेपवर घेऊन ठेवावं आणि हळदीला लावावं, एवढंच मला सुचलं. शिवाजीनगरात ओळखीचा एक जुना स्टुडिओ होता, तिथे तिला घेऊन गेलो. पण तिथली रीत अशी, की सगळ्यांनी एका खोलीत बसायचं आणि गाणं सुरू झालं की शेवटपर्यंत थांबायचं नाही. मध्ये कुणी चुकलं की टेप मागे, आणि पुन्हा देवांपासून सुरुवात. त्यात आमचं आणखी एक त्रांगडं. हळद लागत नसेल तिथे हे गाणं अख्खं म्हणायचं नसतं, ऐकायचंही नसतं. अपशकुन होतो म्हणतात. म्हणून तोडगा म्हणून अक्का पदराच्या टोकाला हळकुंड बांधून आली होती.

हळकुंडाचा काही उपयोग झाला नाही. दर खेपेला पितरांपर्यंत आलं की तिचा आवाज बसायचा. तबलजी सुस्कारे टाकायला लागला. शेवटी अक्कानं पदराची गाठ सोडली, हळकुंड मुठीत घेतलं आणि उठली. मला इतका राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी ऑटोवाल्याशी भांडलो. तो बिचारा मीटरप्रमाणेच पैसे मागत होता.

राजाजीनगरात आमच्या मागच्या गल्लीत एकानं घराच्या मागच्या खोलीत कंप्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. जाहिरातींची गाणी, देवांच्या कन्नड कॅसेटी, सगळं तो एकटा करायचा. त्या डबड्याचं नाव काढलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यानं आणि कीबोर्डवाल्यांनी मिळून आम्हा पेटीवाल्यांची छोटी-मोठी कामं खाल्ली होती. तरी गेलो. अडला हरी म्हणत नाही, पण तोंड वाकडं करूनच गेलो.

त्या माणसाला मराठीचा गंध नव्हता. अक्काची अडचण त्यानं ऐकून घेतली आणि कानडीत म्हणाला, "अम्मा, एक ओळ म्हणा. मग स्वल्प पाणी प्या. मग दुसरी. आज दमलात तर उद्या या. जोडायचं काम माझं."

अक्कानं एक ओळ म्हटली. त्यानं कंप्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. काळ्या पट्टीवर हिरव्या रेषा दाटीवाटीनं उठल्या होत्या. "हा तुमचा आवाज," तो म्हणाला.

अक्का पडद्याजवळ वाकली. मग हळूच मला म्हणाली, "एवढा आहे होय रे अजून?"

तोंड वाकडं करायचं मी त्या दिवशी सोडलं.

आणि अपशकुनाचाही प्रश्न अक्कानंच सोडवला. "तुकड्या-तुकड्यानं म्हटलं तर ते गाणं नव्हेच," तिनं निकाल दिला. रोज सकाळी स्वैपाक आटपून ती जायची, दोन-तीन ओळी म्हणायची आणि परत यायची. तिच्या ओळी झाल्यावर मी कानाला हेडफोन लावून पेटी वाजवली. अक्का समोर नाही आणि तिला साथ करायची, हे आधी विचित्र वाटलं. पण तिचा श्वास कानात इतका जवळ ऐकू येत होता, की जरा वेळानं ते विसरलो.

जोडलेली कॅसेट हातात देताना तो म्हणाला, "एकदा पूर्ण ऐकून घ्या हं." अक्कानं ती देव्हाऱ्यात ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं. हळदीआधी गाणं अख्खं ऐकायचं नाही म्हणजे नाही. निदान सुरुवात तरी ऐकू, असं मी म्हटलं तर तिनं असं बघितलं, की मी निमूट चहा प्यायलो.

हळदीच्या दिवशी कार्यालयात कॅसेट लावली. अक्काचा आवाज निघाला, सलग, ऑपरेशनच्या आधीसारखा. देव आले, पितर आले. बायका बोलायच्या थांबल्या. हळदीची वाटी मांडीवर घेऊन अक्का मान खाली घालून ऐकत होती. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात "ये रे मामा, हळदीला ये" झालं, म्हणजे माझी पाळी. मी भाचीच्या गालाला हळद लावली आणि जागेवर येऊन बसलो.

पुढची ओळ आत्याची. नवरीची आत्या म्हणजे अक्काची नणंद, मानापानाला अतिशय पक्की. ती पदर सारखा करून खुर्चीतून अर्धी उठली होती. आणि कॅसेट म्हणाली, "ये रे मामा, हळदीला ये."

नणंद परत बसली. पर्स मांडीवर घेतली. तिचा चेहरा बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन ओळींच्या मध्ये माझी पेटी वाजत होती, ती संपली की काकाचं नाव येणार आणि आत्या कायमची राहणार.

अक्कानं वाटी खाली ठेवली. उभी राहिली. आणि माझ्याच पेटीवर, कॅसेटमधल्या, तिनं सूर लावला, "ये गं आत्या, हळदीला ये."

आवाज खरखरीत होता. शेवटच्या 'ये'ला तो चांगलाच फाटला. पण ओळ पुरी झाली, आणि लगेच मागून काकाचं बोलावणं सुरू झालं.

नणंद उठून आली. भाचीला हळद लावली. मग बोटांवर उरलेली हळद तिनं अक्काच्या गळ्याला लावली, अगदी ऑपरेशनच्या व्रणावर. "वहिनी, तुम्ही बोलावलंत, मला पोचलं," एवढंच म्हणाली. भाची हळदीच्या तोंडानं रडायला लागली, आणि मीही काही कोरडा राहिलो नाही. अक्का मात्र खाली बसली ती हसत. गळ्यावर हात ठेवून मला ओठांनीच म्हणाली, "निघाला रे."

लग्नानंतर आम्ही तिघं त्या मागच्या खोलीत गेलो, मी, अक्का आणि नवा जावई. जावयाची नोकरी कंप्युटरची. गाण्याच्या सीडी करून सगळ्या नातेवाइकांना पाठवायच्या, असं त्याच्या मनात होतं. पूर्वी अशी एखादी कॅसेट काढायची तर कुण्या कंपनीच्या दारात खेटे घालावे लागायचे. हा पोरगा म्हणाला, मामा, घरी बसून करतो.

चूक कुठे झाली ते रेकॉर्डिंगवाल्यानं लगेच शोधलं. आत्याच्या ओळीत अक्काचा आवाज फाटला होता. चाल एकच, शब्दही ऐकायला बरेचसे सारखे, म्हणून त्यानं चांगल्या मनानं तिथे मामाची स्वच्छ ओळ चिकटवली होती. तो फार ओशाळला. "अम्मा, तुमची ओळ अजून आत आहे. आत्ता घालून देतो, फाटलेलं जरा झाकतो पण."

"सरी, बरं अण्णा, पण ती घालू नका," अक्का म्हणाली. "मामाचीही काढून टाका. तिथे नुसती पेटी वाजू दे."

"पण अत्ते, लोकांना वाटेल सीडी खराब आहे," जावई म्हणाला. सासूला तो कानडीसारखं अत्ते म्हणतो.

"आपल्या लोकांना नाही वाटणार. ज्या घरी लागेल तिथली कुणीतरी उठून ती ओळ म्हणेल. मी असले तर मी उठेन." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "बाकीचं सगळं याला म्हणू दे. एवढी जागा मला राहू दे."

त्यानं ती ओळ पुसली. पडद्यावर तेवढ्या जागेत हिरवी रेष आडवी झाली, आणि अक्का तिथे बघून समाधानानं पाणी प्यायली.