बोटं नाचवणारी बाई

सुनंदाअक्काचं वाटोळं मी केलं. मागच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, कडा गावच्या बाजारात. हे आजवर कुणालाच बोललो नाही – अंधश्रद्धाविरोधी चळवळीतल्या सोबत्यांनाही नाही.

अक्का आमची शेजारीण, भिंतीला भिंत. उसाची ट्रॉली उलटली तेव्हा तिची जाऊ तिच्या डोळ्यांदेखत दबून गेली. तेव्हापासून ट्रॅक्टर वाजला की अक्का हातातलं टाकून न्हाणीत शिरायची, कडी लावून घ्यायची. आणि हंगामात आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टर थांबतो कधी?

दर गुरुवारी नगरहून एक समुपदेशक मॅडम यायच्या, गावात भाड्याच्या खोलीत बसायच्या. मी त्यांच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं – मॅडम दोन बोटं डावीकडं-उजवीकडं फिरवतायत, अक्काचे डोळे बोटांमागं फिरतायत, अन् ती रडतेय. अंगारेवाल्यांशी, लिंबूवाल्यांशी भांडून तयार झालेला माणूस मी. आत जाऊन विचारलं का? नाही. पत्रक छापलं – 'बोटं नाचवून भूत उतरवणारी बाई!'

इथवर अडाणीपणा म्हणा. पण माझं पाप ते नाही.

वाटपाच्या आदल्या संध्याकाळी अक्का घरी आली. तिला कुणकुण लागली होती. मॅडमनी दिलेला माहितीचा कागद तिनं पुढं केला. मी वाचला – पुरता वाचला. मनात ती आठवण धरायची, त्याच वेळी डोळे हलवायचे. आठवण पुसली जात नाही, तिची धार बोथटते. देशोदेशीचे डॉक्टर हे करतात. मला कळलं.

अक्का म्हणाली, "परवा दारावरून ट्रॅक्टर गेला. भाकर थापत होते, थापतच राह्यले. येवढं बंद नको करू, भाऊ."

बघतो म्हणालो. आणि सकाळी वाटली पत्रकं. का? खाली ठळक अक्षरात माझं नाव होतं. गठ्ठे माघारी नेले असते तर सोबती हसले असते. बस, एवढंच.

पत्रक वाचून लोक बिथरले, मॅडमना खोली सोडावी लागली. हंगाम सुरू झाला. भिंतीपलीकडं न्हाणीची कडी वाजते – रोज वाजते.

काल तो माहितीचा कागद घेऊन अक्काच्या सासऱ्यांकडं गेलो, तिला नगरला मॅडमकडं पाठवा म्हणालो. त्यांनी हात लावला नाही. फडताळातून माझं पत्रक काढलं, घडी उलगडली. "हे तूच लिवलंस न्हवं?"

ते पत्रक तुमच्याही घरात असेल. फाडू नका. काढा ते, माझ्या नावाखाली लिहा – याला माहीत होतं – आणि अक्काच्या सासऱ्यांना नेऊन दाखवा.