सिस्टरांसाठी लिहिलेली चाल

कोपरगावकडच्या साखर कारखान्याच्या भोंग्याच्या सुरावर सरांनी बांधलेली व्हायोलिन-चेलोची रचना जर्मनीत वाजली, तेव्हा आमच्या दैनिकात मी चार ओळींची बातमी दिली होती. ती आतल्या पानावर गेली. संगीतकार भिंगारचे, पाश्चात्य शास्त्रीय संगीत आधी पुण्यात, मग परदेशात शिकून घरी परतलेले आणि शाळेत गणित शिकवणारे. त्यांच्या रचना आता बाहेरच्या देशांत नियमित वाजतात. नगरमध्ये त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात.

त्यांची कामाची रीत मी पाहिली ती चर्चच्या हॉलमध्ये, शनिवारच्या तालमीला. ईस्टरसाठी ते क्वायरला, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाला, नवी रचना देणार होते. एक ओळही लिहिण्याआधी त्यांनी प्रत्येकाला एकेकटं गायला लावलं. कोणाचा आवाज कुठवर जातो, दम कुठे तुटतो, ते लिहून घेतलं. लष्कराच्या वर्कशॉपमधल्या एका फिटरचा खर्ज त्यांनी तीनदा ऐकला. फिटर म्हणाला, "सर, गाडीचं इंजिनसुद्धा मी एवढ्यांदा ऐकत नाही."

शेवटी सिस्टर उठल्या. निवृत्त नर्स, क्वायरमध्ये सगळ्यांत जुन्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बसला होता. खालच्या पंचमापासून रिषभापर्यंत पाच स्वर नीट लागले; सहाव्याला आवाज फाटला. मग त्यांनीच सुचवलं, मी मागे उभी राहून ओठ हलवीन, पण क्वायरमधून काढू नका.

"ओठांसाठी मी लिहीत नाही, सिस्टर," सर म्हणाले.

सिस्टर खाली बसल्या. त्यांना काढलं, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

पुढच्या शनिवारी कागद वाटले गेले. रचनेची मुख्य चाल त्या पाच स्वरांतच होती आणि ती एकट्या सिस्टरांना दिली होती. बाकीचे आवाज तिच्याभोवती दबक्या पावलांनी चालायचे. क्वायर बसवायला पुण्याहून आलेल्या पाहुण्या संचालकांनी सिस्टरांच्या जागी एका तयारीच्या गायिकेचं नाव सुचवलं. सर शांतपणे म्हणाले, मग रचनाही दुसरी लिहावी लागेल.

ईस्टरच्या सकाळी सिस्टर गायल्या. आवाज खरखरीत होता, मधे एकदा थरथरला, पण तुटला नाही. इतक्या थोड्या स्वरांत एवढं मावतं, हे मला ठाऊक नव्हतं. या वेळी बातमी लिहिताना मी संपादकांकडे जास्त जागा मागितली.

उपासनेनंतर जेवणाच्या रांगेत सिस्टर सरांच्या पुढे होत्या. ताट घेता घेता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी चारच स्वर धरा, सर. पाचातला एक गेलाय."

सरांनी विचारलं, "कोणता?"

सिस्टरांनी तिथेच, हळू आवाजात, तो गेलेला स्वरच गाऊन दाखवला.