खाटेच्या उंचीची खिडकी
सागवानाच्या ताज्या सालपटांचा वास आला, की मूल गावाजवळच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. आईला खाटेवरून उठवत नव्हतं, म्हणून तिच्या खोलीत अगदी खाली, खाटेच्या उंचीला नवी खिडकी बसवली होती. आई तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात होती, आणि ती यायच्या आत चौकटीभोवतीची फट झाकायला मिस्त्री लाकडी पट्ट्या ठोकत होते. खालची पट्टी नुसतीच धरून ते मला म्हणाले, “भाऊ, बाईच्या जागी झोपून पाहा जरा. काय दिसून राह्यलं?” मी आईच्या उशीवर डोकं टेकलं. उशीला अजून तिच्या तेलाचा वास होता. “मोहाचा शेंडा,” मी म्हणालो. “अन् रस्ता?” “नाई.” त्यांनी पट्टीच्या वरच्या कडेवर रंधा मारला, पुन्हा धरली, पुन्हा मारला. शेवटी एसटी थांबते ते वळण मला दिसलं. “मंग ठोकतो,” ते म्हणाले, “बाईले तुमी येतानी दिसान.” आई घरी परत आलीच नाही. अजूनही त्या वळणावर एसटीतून उतरलो, की समोर ती खिडकी दिसते, म्हणून घरापर्यंत मी मान खाली घालूनच चालतो.