चौकोनी खिडकीचं विमान

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरात, हे आमच्याकडं कुणाला विचारावं लागत नाही. लेक लंडनला होती, एवढाच काय तो फरक. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिचा फोन रविवारीच यायचा. पाचवा लागला तशी म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणतात, विमानानं जायचं तर आत्ताच. येऊ न्हवं?" मी ये म्हणाले. शेजारी बसलेल्या ह्यांनी नको म्हणून मान हलवली.

का, तर विमान. आमचे हे शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ओतीव कास्टिंग तपासायला होते. पहिल्या जेट विमानांचं त्यांना सगळं पाठ. त्यांतल्या एका बनावटीच्या विमानांना म्हणे चौकोनी खिडक्या होत्या. वर गेलं की आतल्या हवेनं पत्रा ताणला जायचा, खाली आलं की सैल पडायचा. असं होता होता कोपऱ्यात चीर गेली आणि विमानं माणसांसकट आभाळात फुटली. हे सांगताना एक तार घेऊन, इकडं-तिकडं वाकवून मोडूनही दाखवली.

"धातू दमतो. वरनं दिसत न्हाय. पोटुशी पोरगी कशी बसवायची तसल्यात?"

"अहो, आता खिडक्या गोल असतात की. तुम्हीच सांगितलंय."

"खिडकी गोल झाली म्हणून पत्रा दमायचा थांबतो व्हय?"

मला धातूतलं कळत नाही, पण माणूस कळतो. कुठंतरी पाणी मुरत होतं. हाच माणूस कंपनीच्या कामाला दिल्लीला विमानानं जाऊन आला, तर महिनाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. तेव्हा बरा पत्रा दमला नाही. पण आता पोरीनं तिकडं आपल्या मनानं लग्न केलेलं. आम्ही लिंगायत, जावई बौद्ध. पोरगा सोन्यासारखा, तरी ह्यांनी भावकीत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पोरगी दारात आली की गल्ली विचारणारच, पावणं कुठलं म्हणून.

"नाचता येईना अंगण वाकडं," असं मी तोंडावर म्हणाले. त्यांनी पेपर उघडला.

पुढच्या रविवारी पोरगी रडली. "आई, बाबांना मी घरात नकोय का?" मला ह्यांची लई चीड आली होती.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी खडा टाकला. "ती येत नसंल तर मीच जाते. त्याच विमानानं." आणि बघत राहिले. निदान एकदा तरी म्हणतील, नको जाऊ.

त्यांचा चेहराच मोकळा झाला. "जा की," म्हणाले. "आजच तिकिटाचं बघतो."

मला तिथंच रडू आलं. ते त्यांनी बघितलं, आणि पासपोर्टला फोटो लागतील म्हणाले.

मी गेले. विमानतळावर पोरीनं मिठी मारली आणि कानाशी परत तेच विचारलं.

"न्हाय गं," मी म्हटलं. "त्यांना विमानाची लई भीती वाटते."